दोबिन्यी रस्त्यावरची मुळं

२०२० सालचा एप्रिल संपत आला होता. फ्रान्समध्ये टाळेबंदी होती आणि वाउटर व्हॅन डर वीन हा मूळचा डच अभ्यासक स्ट्रासबर्गमधल्या आपल्या घरात अडकून पडला होता. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे अखेरचे दिवस हा त्याच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. ओव्हेर-स्यूर-वाझ या गावातल्या व्हॅन गॉग संस्थेचा तो तेव्हा वैज्ञानिक संचालक होता. बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं साठलेले कागद आणि फोटो संगणकावर नीट लावायचं काम त्यानं काढलं होतं. त्यात ओव्हेरची काही जुनी पिक्चर पोस्टकार्डं होती. गावातल्या एका वृद्ध बाईंच्या संग्रहातून ती त्याच्यापर्यंत आली होती.

फोनवर कुणाशी तरी बोलणं चाललेलं असताना त्यातलं एक कार्ड पडद्यावर उघडं होतं. ते १९०० ते १९१० च्या दरम्यानचं असावं. गावातला एक रस्ता, सायकल घेऊन थांबलेला एक माणूस, त्याच्या शेजारी उभी चढत गेलेली मातीची कड आणि त्या कडेवर झाडांचे बुंधे व उघडी पडलेली मुळं, एवढंच त्यात होतं. रस्त्याचं नावही छापलेलं होतं, रू दोबिन्यी. हे कार्ड त्यानं पूर्वीही पाहिलं होतं. या वेळी मात्र नजर माणसावरून आणि सायकलीवरून सरकून मुळांवर गेली आणि तिथंच थांबली. हीच मुळं रंगवलेली त्याला पाठ होती.

ज्या चित्राची त्याला आठवण झाली त्याचं नाव ‘झाडांची मुळं’. ५० सेंटिमीटर उंच, १०० सेंटिमीटर रुंद. उंचीच्या दुप्पट रुंदीचा हा लांबट कॅनव्हास व्हॅन गॉगनं ओव्हेरमध्ये बरेचदा वापरला. चित्र आज अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते चटकन उमगत नाही. त्यात आकाश नाही, क्षितिज नाही, माणूस नाही, वाट नाही. निळ्या रंगाच्या जाड गाठी, पिवळी-तपकिरी माती, मधूनच उसळलेला हिरवा पाला, आणि काही भाग तर अर्धवट सोडलेला. अमूर्त चित्रकलेची चाहूल म्हणून कितीतरी जणांनी त्याकडे पाहिलं. व्हॅन गॉगनं हे सगळं मनानं रचलं की कुठेतरी समोर बसून पाहिलं, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच होता.

हा प्रश्न केवळ एका जागेच्या पत्त्याचा असता तर त्यासाठी एवढा जीव टाकायचं कारण नव्हतं. पण त्या चित्राला आणखी एक प्रश्न चिकटलेला होता: मरणाच्या आधी व्हॅन गॉगनं शेवटचं काय रंगवलं?

जगाला याचं उत्तर ठाऊक आहे असं जग समजत होतं. आयर्व्हिंग स्टोनची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी १९३४ साली आली आणि तिच्यावरचा चित्रपट १९५६ साली. त्या चित्रपटात कर्क डग्लसचा व्हिन्सेंट पिकल्या गव्हाच्या शेतात कावळ्यांच्या थव्यासमोर बसून रंगवतो आणि तिथंच आयुष्य संपवतो. काळवंडलेलं आकाश, मध्येच संपून जाणारी वाट, काळे पक्षी. ‘कावळे आणि गव्हाचं शेत’ हे चित्र मृत्यूच्या चिठ्ठीसारखं वाचलं जाऊ लागलं. आपल्याकडेही दोन-तीन पिढ्यांच्या वाचकांनी व्हॅन गॉग ओळखला तो याच कादंबरीतून आणि याच प्रसंगातून. प्रसंग इतका नेटका आहे की तो खोटा असेल अशी शंका घ्यायला मन धजत नाही. तारखा मात्र त्याच्या विरुद्ध आहेत.

व्हॅन गॉग २० मे १८९० रोजी ओव्हेरला आला. पॅरिसच्या उत्तरेला वाझ नदीकाठी वसलेलं हे गाव चित्रकारांना नवं नव्हतं. १८७८ साली वारलेला निसर्गचित्रकार शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी तिथं राहिला होता, आणि रस्त्याला नाव आहे ते त्याचंच. व्हॅन गॉगवर लक्ष ठेवायला तिथं डॉक्टर पॉल गाशे होते. रावू कुटुंबाच्या खाणावळीत त्यानं माळ्यावरची छोटी खोली घेतली. पुढच्या सुमारे ७० दिवसांत त्यानं जवळपास तितकीच चित्रं रंगवली. या काळातला व्हॅन गॉग म्हणजे जगानं झिडकारलेला माणूस, हेही पूर्ण खरं नाही. त्याच वर्षी जानेवारीत तरुण समीक्षक आल्बेर ओरिए यानं त्याच्यावर गौरवपर लेख लिहिला होता आणि ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र ४०० फ्रँकला विकलं गेलं होतं.

त्याची काळजी वेगळी होती. ६ जुलैला तो पॅरिसला भावाकडे, थिओकडे, जाऊन आला. थिओचं बूसो-व्हालादाँ या चित्रविक्रेत्या पेढीतल्या मालकांशी बिनसलं होतं, नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायचा विचार चालला होता. घरात त्याची बायको योहाना दमलेली होती. जानेवारीत जन्मलेला, काकाचंच नाव ठेवलेला मुलगा नुकताच आजारातून उठला होता. थिओच्या पैशांवर व्हिन्सेंटचं सगळं चालत होतं. परत आल्यावर १० जुलैच्या सुमारास त्यानं कळवलं की अस्वस्थ आभाळाखालची गव्हाची अफाट शेतं त्यानं रंगवली आहेत, त्यांत खिन्नता आणि टोकाचा एकटेपणा आणायचा प्रयत्न केला आहे. त्याच पत्रात त्यानं असंही लिहिलं की खेड्यातल्या जगण्यात जे निरोगी आणि बळ देणारं त्याला दिसतं, तेही ही चित्रं सांगतील. सांगणाऱ्यांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं सोडून दिलं.

कावळ्यांचं चित्र याच दिवसांतलं. त्यानंतर १४ जुलैच्या राष्ट्रीय सणाला पताकांनी सजलेली ओव्हेरची नगरपालिका त्यानं रंगवली. २३ जुलैच्या पत्रात दोबिन्यीच्या बागेच्या चित्राची माहिती आणि त्याचं रेखाटन आहे. तेव्हा कावळे शेवटचे नाहीत, हे पत्रं समोर ठेवून कुणालाही सांगता आलं असतं. मग शेवटचं कोणतं?

याचं उत्तर एका माणसानं लिहून ठेवलेलं होतं. तो आंद्रीस बाँगर, योहानाचा भाऊ आणि थिओचा जुना मित्र. व्हिन्सेंटच्या मृत्यूनंतर त्याच्या चित्रांची यादी त्यानंच केली. काही काळानं त्यानं लिहिलं की मृत्यूपूर्वीच्या सकाळी व्हिन्सेंटनं झाडीतलं एक दृश्य रंगवलं होतं, उन्हानं आणि जीवनानं भरलेलं. बाँगर हा घरातला माणूस होता आणि चित्रं त्याच्या हाताखालून गेली होती. एवढी जवळची साक्ष असून ती कित्येक वर्षं बाजूला पडून राहिली, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. ऊन आणि जीवन हे शब्द आत्महत्येच्या गोष्टीत बसत नव्हते, म्हणून लोकांना ते नकोसे झाले असावेत.

त्या साक्षीकडे गंभीरपणे वळून पाहिलं ते व्हॅन गॉग संग्रहालयाचा संशोधक लुई व्हॅन टिलबर्ग आणि वृक्षतज्ज्ञ बर्ट मास यांनी. २०१२ साली त्यांनी ‘झाडांची मुळं’ या चित्राचा बारकाईनं अभ्यास प्रसिद्ध केला. कलेचा इतिहासकार रंगलेपन बघतो, वृक्षतज्ज्ञ झाड बघतो, आणि इथं दुसऱ्याच्या नजरेनं कोडं सुटायला सुरुवात झाली. मास यांना त्या निळ्या गाठींत मनातले आकार दिसले नाहीत. त्यांना चुनखडीच्या मातीची उतरती कड दिसली, माती खणून नेल्यामुळे उघडी पडलेली मुळं दिसली, आणि सरपणासाठी वारंवार तोडलेली व पुन्हापुन्हा फुटलेली झाडं दिसली. बहुधा एल्म जातीची. आपल्याकडे घाटरस्ता काढताना डोंगर कापला की दरडीच्या तोंडाशी झाडांची मुळं जशी हवेत लोंबकळत राहतात, तसंच हे दृश्य. ओव्हेरभोवती अशा कडा आहेत. म्हणजे व्हॅन गॉगनं डोळ्यांसमोरचं रंगवलं होतं, आणि बाँगरनं सांगितलेलं झाडीतलं दृश्य हेच असावं, असं त्यांनी मांडलं. ओव्हेरमधली नेमकी जागा तेवढी सापडायची राहिली होती.

ती सापडेल असं कुणाला वाटत नव्हतं. झाडं मरतात, माती खचते, रस्ते रुंद होतात. शिवाय ओव्हेरच्या गल्ल्यांतून दरवर्षी व्हॅन गॉगचे चाहते हातात नकाशे घेऊन फिरतात. चर्च कुठं, नगरपालिका कुठं, गव्हाचं शेत कुठं, हे सगळं त्यांच्या पायाखालचं. इतक्या नजरांतून सुटलेलं काही गावात उरलं असेल हे पटायला कठीण होतं. म्हणून पोस्टकार्डातली मुळं पाहिल्यावर व्हॅन डर वीनला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटली असेल, असं मी समजतो. या क्षेत्रात दर काही वर्षांनी कुणीतरी काहीतरी ‘शोधतं’ आणि तोंडघशी पडतं.

त्यानं चित्र आणि कार्ड शेजारी ठेवून आकार जुळवायला घेतले. मधला जाड बुंधा कुठून वळतो, त्याच्यापासून फुटलेलं मूळ कोणत्या कोनात खाली येतं, कडेचा उतार किती. कार्डावरचा फोटो चित्रानंतर दहा-वीस वर्षांनी निघालेला, तरी आकार एकमेकांवर बसत होते. मग त्यानं संग्रहालयातल्या अभ्यासकांना कळवलं. लुई व्हॅन टिलबर्ग, टेओ मेडेनडॉर्प आणि बर्ट मास यांनी चित्र, पोस्टकार्ड आणि कडेची आजची ठेवण यांची तुलना केली. मे महिन्यात टाळेबंदी सैल झाली आणि जागेवर जाता आलं.

रू दोबिन्यीवरची ती कड अजून उभी होती. झाडोऱ्याखाली दडलेला मुख्य बुंधा अजून तिथं होता, १३० वर्षांनंतरही ओळखू येईल असा. रावूंच्या खाणावळीपासून ही जागा सुमारे १५० मीटरवर आहे. व्हॅन गॉग खोलीतून निघून शेतांकडे जाताना कितीदा तरी इथून गेला असणार. संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी अभ्यासकाला साजेशी भाषा वापरली, ही जागा खरी असण्याची शक्यता फार मोठी आहे, इतकंच ते म्हणाले. 

या शोधाचा सगळ्यांत मोठा अर्थ त्यानंतर हाती आला. जागा कळली म्हणजे दिशा कळली, आणि दिशा कळली म्हणजे सूर्य कुठं होता ते कळलं. चित्रातल्या मुळांवर ऊन कोणत्या बाजूनं पडलंय हे पाहून व्हॅन डर वीननं अंदाज बांधला की शेवटचे फटकारे संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराचे असावेत. बाँगर सकाळ म्हणतो. खाणावळवाल्याची मुलगी अॅडलीन रावू तेव्हा १३ वर्षांची होती. तिचं निळ्या कपड्यांतलं चित्र व्हॅन गॉगनंच काढलं होतं. म्हातारपणी तिनं सांगितलेल्या आठवणीनुसार त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तो पुन्हा बाहेर पडला. सगळं एकत्र ठेवलं तर २७ जुलै १८९० चा तो रविवार असा दिसतो: सकाळी काम सुरू, मध्ये जेवण, मग पुन्हा त्याच मुळांसमोर, ऊन कलेपर्यंत.

त्या संध्याकाळनंतर काय घडलं ते माहितीचं आहे. त्यानं पिस्तुलानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. अंधार पडल्यावर पोट धरून तो खाणावळीत परतला आणि वर आपल्या खोलीत जाऊन पडला. गाशे आले, पण गोळी काढता येण्यासारखी नव्हती. गाशेंकडे थिओच्या घरचा पत्ता नव्हता, म्हणून त्याच खाणावळीत उतरलेला तरुण डच चित्रकार हिर्शिग सोमवारी सकाळी चिठ्ठी घेऊन पॅरिसच्या पेढीवर गेला. थिओ धावत आला. २९ जुलैच्या पहाटे, दीडच्या सुमारास, भावाच्या सोबतीत व्हिन्सेंट गेला. वय ३७ वर्षं. ओव्हेरच्या धर्मगुरूनं आत्महत्या केलेल्यासाठी शववाहिका द्यायचं नाकारलं, ती शेजारच्या गावाहून आणावी लागली. चित्रकार एमिल बर्नार ३० जुलैला अंत्ययात्रेला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की शवपेटीभोवतीच्या भिंतींवर व्हिन्सेंटची शेवटची चित्रं ठोकलेली होती, सगळीकडे पिवळी फुलं होती, आणि पेटीसमोर जमिनीवर त्याची घोडी, घडीचं स्टूल आणि ब्रश ठेवले होते. त्या भिंतींवर ‘झाडांची मुळं’ही असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

थिओ सहा महिन्यांत, २५ जानेवारी १८९१ रोजी गेला. २८ वर्षांच्या योहानाकडे वर्षाचाही न झालेला मुलगा आणि खोल्या भरून चित्रं उरली. ती तिनं सांभाळली, दाखवली, निवडून विकली. १९०५ साली अॅमस्टरडॅमला मोठं प्रदर्शन भरवलं आणि १९१४ साली व्हिन्सेंटची थिओला आलेली पत्रं तीन खंडांत छापली. त्याच वर्षी थिओचे अवशेष उट्रेख्टहून आणून ओव्हेरला भावाशेजारी पुरले. ‘झाडांची मुळं’ घरातच राहिलं आणि घराण्याच्या संग्रहातून पुढं संग्रहालयात गेलं. योहानानं ही चिकाटी दाखवली नसती तर पोस्टकार्डाशी जुळवून पाहायला समोर चित्रच नसतं. शोधाच्या बातम्यांत तिचं नाव फारसं आलं नाही. ते आधी यायला हवं होतं.

२८ जुलै २०२० रोजी, मृत्यूच्या १३० व्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, जागेची घोषणा झाली. संग्रहालयाच्या संचालक एमिली गॉर्डेनकर आणि थिओचे पणतू विलेम व्हॅन गॉग यांच्या हस्ते तिथं फलक लावला गेला. बुंध्याच्या रक्षणासाठी लाकडी कुंपण उभं राहिलं.

या चित्राचा अर्थ काय लावायचा? १८८२ साली हेगमध्ये असताना व्हॅन गॉगनं वाळूतल्या मुळांचं एक रेखाटन केलं होतं आणि थिओला कळवलं होतं की वादळानं अर्धवट उपटूनही मातीला घट्ट धरून राहण्याची ती धडपड, जगण्यासाठीची झुंज, त्याला त्यात आणायची होती. त्या पत्राच्या आधारानं व्हॅन डर वीन ‘झाडांची मुळं’ला निरोपाचं चित्र मानतो. त्याच्या अभ्यासाचा मला मनापासून आदर आहे, तरी इथं मी त्याच्याबरोबर जात नाही. मुळांतली झुंज व्हॅन गॉगला वयाच्या २९ व्या वर्षीच भिडली होती, म्हणजे ती मरणाच्या दिवशी सुचलेली खूण नव्हती. शिवाय बर्ट मास यांनी झाडांबद्दल जे सांगितलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. ही झाडं पुन्हापुन्हा तोडली गेली आणि पुन्हापुन्हा फुटली. कावळ्यांच्या चित्राच्या जागी मुळांचं चित्र बसवून मृत्यूची तीच गोष्ट नव्यानं सांगितली, तर शोधाचं चीज झालं असं म्हणता येणार नाही. बाँगरला या चित्रात ऊन दिसलं होतं, आणि तो व्हिन्सेंटला ओळखणारा माणूस होता.

माझ्यापुरतं या शोधानं एक गोष्ट पक्की केली. ज्या दिवशी हा माणूस कोलमडला त्या दिवशीही त्याचा हात ढळला नव्हता. एकाच कडेसमोर तो तासन्‌तास बसला, तोवर कुणी एवढ्या धीटपणे केली नसेल अशी मांडणी त्यानं केली, आणि रंगवणं अर्धवट टाकून तो उठला तो ऊन उतरल्यावर. यातनेनं चित्रं काढली नाहीत. यातना सोसत सोसत त्यानं ती काढली.

व्हॅन गॉगचा ९०२ पत्रांचा संपूर्ण पत्रव्यवहार, त्यानं लिहिलेला आणि त्याला आलेला, २००९ पासून इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुला आहे. मूळ भाषांबरोबर इंग्रजी अनुवाद आहे, तारखा आहेत, टिपा आहेत. चित्रपटातला शेवट मनात असेल तर मे ते जुलै १८९० ची पत्रं एकदा तारखेच्या क्रमानं जरूर वाचा. २३ जुलैचं शेवटचं पत्रही वाचा. त्याच्यासोबत व्हिन्सेंटनं थिओला नव्या रंगांची मागणी पाठवली होती.